पेरू कळायचा तर आधी समुद्र, मग उंची

प्रश्न थोडक्यात असा आहे: पेरू या स्पॅनिश बोलणाऱ्या देशाचा इतिहास, संस्कृती आणि प्रसिद्ध ठिकाणं यांबद्दल रंजक माहिती हवी, आणि प्रत्यक्ष जायचं झालं तर काय सांभाळायचं तेही.

माचू पिच्चू, नास्काच्या रेषा, इंकांचं सोनं, लामा, बटाटा ही यादी कुठेही मिळते. ती वाचून देश मात्र कळत नाही. पेरूमधली जवळजवळ प्रत्येक नवलाची गोष्ट दोन कारणांपाशी येऊन थांबते. एक, पश्चिमेचा थंड समुद्र. दुसरं, किनाऱ्यापासून शे-दीडशे किलोमीटरांत साडेचार हजार मीटरांच्या वर जाणारे आंदीज पर्वत. म्हणून याच क्रमाने जाऊ.

पेरूच्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे हम्बोल्ट हा थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. या पाण्यावरची हवा गार आणि जड राहते, वर चढत नाही. त्यामुळे ढग येतात पण पाऊस पडत नाही. लिमा ही कोटभर वस्तीची राजधानी समुद्रकाठी असूनही वाळवंटात आहे. वर्षभराचा पाऊस एक-दोन सेंटीमीटर. जून ते ऑक्टोबर आभाळ राखाडी असतं आणि ‘गारुआ’ नावाचं बारीक धुकं पडतं, तेवढंच. घरांची छपरं सपाट आहेत आणि बहुतेक रस्त्यांना पावसाच्या पाण्याचे निचरे नाहीत, कारण आजवर गरजच पडली नाही.

हेच थंड पाणी खोलातली पोषक द्रव्यं वर आणतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर आंचोवेता ही बोटभर मासळी आणि त्या मासळीवर लाखो समुद्रपक्षी. हा समुद्र मात्र काही वर्षांच्या अंतराने बिघडतो. उत्तर पेरूच्या मच्छीमारांनी पाहिलं होतं, की नाताळाच्या सुमाराला कधीकधी उबदार पाणी येतं आणि मासे नाहीसे होतात. बाळ येशूच्या नावावरून त्यांनी त्याला ‘एल निन्यो’ म्हटलं. आपल्या वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात येणारा एल निनो तो हाच. १९७० मध्ये पेरूत आंचोवेताची पकड सुमारे सव्वा कोटी टन होती, ती १९७३ मध्ये वीस लाख टनांच्या आसपास घसरली. बेसुमार मासेमारी आणि १९७२-७३ चा एल निनो, ही दोन्ही कारणं त्यामागे होती. महाराष्ट्रात ज्याला आजही बहात्तरचा दुष्काळ म्हणतात, तो याच वर्षांतला. प्रत्येक एल निनोला आपल्याकडे दुष्काळ पडतोच असं नाही. १९९७ साली फार मोठा एल निनो असूनही देशातला मोसमी पाऊस साधारण सरासरीइतका झाला. पण या नात्याचा माग पहिल्यांदा भारतातूनच लागला. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मोसमी पावसाचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या नोंदी जुळवत होते. पॅसिफिकच्या दोन टोकांचा हवेचा दाब तराजूसारखा वरखाली होतो, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

पाऊस नसलेल्या या किनाऱ्यावर डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांच्या पट्ट्यांतच वस्ती झाली. लिमाच्या उत्तरेला सुपे नदीच्या खोऱ्यातलं काराल सुमारे पाच हजार वर्षं जुनं आहे, म्हणजे इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडांच्या काळातलं. मातीची भांडी घडवण्याच्याही आधी इथे पायऱ्यांचे पिरॅमिड उभे राहिले. पुरातत्त्वज्ञ रूथ शेडी यांच्या उत्खननात त्यांच्या पोटात ‘शिक्रा’ सापडल्या. गवताच्या जाळीदार पिशव्यांत दगड भरायचे आणि त्या पिशव्यांसकट भरावात रचायचे, अशी ही पद्धत. भूकंपात पिशव्या थोड्या सरकतात, पुन्हा बसतात आणि बाहेरच्या भिंतीला धक्का कमी लागतो. आज नदीकाठी तारेच्या जाळीत दगड भरून बांध घालतात, त्यामागचा विचार हाच आहे.

नास्काबद्दल चुकीचं इतकं सांगितलं जातं, की कामाची पद्धतच आधी सांगितलेली बरी. दक्षिण पेरूतल्या या वाळवंटी पठारावर जमिनीवर प्रचंड रेषा आणि आकृती आहेत. तिथे खड्यांचा थर आहे. लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडमुळे खडे वरून काळपट-तांबूस झालेले आहेत, खालची जमीन फिकी आहे. वरचे खडे उचलून कडेला ओळीत ठेवले की दहा ते तीस सेंटीमीटर खोल फिकी रेघ उमटते. सरळ रेषेला खुंट्या आणि दोरी पुरते, वळणाला एका खुंटीभोवती दोरी फिरवली की झालं. साधारण इ.स.पू. ५०० ते इ.स. ५०० या काळातल्या या रेषा पाऊस नाही म्हणून टिकल्या. ‘त्या फक्त आकाशातून दिसतात’ हे खरं नाही. आजूबाजूच्या टेकड्यांवरून बऱ्याच आकृती दिसतात. त्यांचा शत्रू पाऊल आणि चाक. सरड्याची आकृती पॅन-अमेरिकन महामार्गाने कापली. २०१४ मध्ये पर्यावरणाचाच संदेश द्यायला आलेले कार्यकर्ते हमिंगबर्डच्या आकृतीजवळ चालले आणि त्यांच्या पावलांचे ठसे उमटले. वरच्या खड्यांचा थर एकदा हलला की तो पुन्हा तसा करता येत नाही.

विमानातून पाहणार असाल तर सकाळची फेरी घ्या, दुपारी वारा वाढतो. फेरी अर्ध्या तासाची असते. दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना दिसावं म्हणून वैमानिक प्रत्येक आकृतीवर विमान आधी एका अंगावर आणि मग दुसऱ्या अंगावर कलवतो, त्याने पोट ढवळतं. आधी दोन-तीन तास भरपेट खाऊ नका. वजन करून जागा देतात, तेव्हा खिडकी निवडण्याचा हट्ट चालत नाही. तिथेच कांतायोक इथले ‘पुकिओ’ मात्र चुकवू नका. हे भूमिगत पाट आहेत. जमिनीवरून गोगलगाईच्या शंखासारख्या वळणाने दगडी कठडे खाली पाण्यापर्यंत उतरतात आणि माणूस त्यातून जाऊन पाट साफ करतो. त्या भागातले तीसहून अधिक पुकिओ आजही शेतीला पाणी देतात. रेषांपेक्षा ही कामगिरी मोठी वाटते.

थंड समुद्राची आणखी एक देणगी म्हणजे पक्ष्यांची विष्ठा. पाऊस नसल्यामुळे किनाऱ्याजवळच्या चिंचा नावाच्या बेटांवर तिचे डोंगर साठले होते. ‘ग्वानो’ या नावाने हे खत १८४० पासून तीसेक वर्षं युरोपला विकून पेरू श्रीमंत झाला. १८५४ मध्ये गुलामगिरी बंद केली तेव्हा मालकांना नुकसानभरपाई याच पैशातून मिळाली. खत खणायला आणि उसाच्या मळ्यांत राबायला १८४९ पासून चिनी मजूर आणले गेले. त्यांना अतिशय क्रूर वागणूक मिळाली. त्यांच्या वंशजांच्या खाणावळी म्हणजे आजच्या ‘चिफा’, लिमाच्या गल्लोगल्ली आहेत. ‘लोमो साल्तादो’ हा पेरूचा घरगुती पदार्थ, म्हणजे गोमांसाचे तुकडे, कांदा, टोमॅटो, सोया सॉस आणि तळलेला बटाटा, चिनी कढईतूनच आला.

आता उंची. १९४१ मध्ये भूगोलतज्ज्ञ हाविएर पुल्गार विदाल यांनी पेरूचे आठ नैसर्गिक पट्टे मांडले, तेही बहुतांशी उंचीवरून आणि स्थानिक नावं कायम ठेवून. एकाच डोंगरउतारावर खाली मिरची आणि कोका, मध्ये मका, वर बटाटा, त्याच्याही वर लामा-अल्पाकांची कुरणं. जुनी कुटुंबं आणि गावं यांतल्या एकाहून जास्त पट्ट्यांत जमीन ठेवत. एका थरात गारपीट झाली तरी दुसऱ्या थरातलं पीक हाती लागे.

बटाट्याचं मूळ घर तितिकाका सरोवराच्या आसपासचं हे उंच पठार. देशात बटाट्याचे तीन हजारांहून अधिक वाण आहेत आणि आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र १९७१ पासून लिमात आहे. आपला ‘बटाटा’ शब्द पोर्तुगीजांकडून आला. तो मुळात कॅरिबियन बेटांवरचा रताळ्यासाठीचा शब्द. केचुआ या आंदीजमधल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत आणि पेरूच्या स्पॅनिशमध्ये बटाटा म्हणजे ‘पापा’.

या बटाट्याचं ‘चुन्यो’ करतात, ते जरा नीट सांगण्यासारखं आहे. ३८०० मीटरांच्या वर होणारे काही वाण कडू आणि विषारी असतात, तसेच शिजवून खाता येत नाहीत. जून-जुलैमध्ये रात्री कडाक्याची थंडी आणि दिवसा कोरडं ऊन असतं. त्या दिवसांत सपाट माळावर गवत अंथरून बटाटे एकेरी थरात पसरतात, ढीग करत नाहीत. साधारण तीन रात्री ते गोठतात आणि दिवसा उन्हात विरघळतात. गोठताना आतल्या पेशी फुटतात. मग छोटे ढीग करून अनवाणी पायांनी तुडवतात. पाणी आणि त्याबरोबर बराच कडवटपणा निघून जातो, सालंही सुटतं. पुढे आठवडाभर वाळवलं की काळा, खड्यासारखा कडक चुन्यो तयार. पांढरा हवा असेल तर गोठलेले बटाटे वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवतात आणि मग वाळवतात. त्याला ‘मोराया’ किंवा ‘तुंता’ म्हणतात. मध्येच आभाळ आलं आणि रात्र उबदार गेली तर अर्धवट फुटलेला बटाटा सडतो, म्हणून जुनी माणसं आकाश पाहून दिवस ठरवतात. वजन एक-पंचमांशाच्या आसपास उरतं आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. खाण्याआधी रात्रभर भिजवायचा, हाताने पिळायचा आणि मग सूपात उकळायचा. इंकांच्या कोठारांत हा चुन्यो आणि वाळवलेलं मांस भरलेलं असे. त्यावरच सैन्य चाललं.

इंकांचं राज्य प्रत्यक्षात फार अल्पकाळ टिकलं. पारंपरिक कालगणनेनुसार १४३८ मध्ये पाचाकुती सत्तेवर आला आणि १५३२ मध्ये स्पॅनिश विजेता पिसारो उत्तर पेरूतल्या काहामार्काला पोहोचला. शंभर वर्षंही भरत नाहीत. तेवढ्यात चाक नाही, घोडा नाही, अक्षरलिपी नाही, तरी सुमारे तीस हजार किलोमीटर रस्त्यांचं जाळं सांभाळलं गेलं. त्यातले काही रस्ते त्यांच्याही आधीचे. ओझं वाहायला लामा. तोही पंचवीस-तीस किलोच नेतो, जास्त लादलं तर बसकण मारतो.

हिशेब दोऱ्यांच्या गाठींत, म्हणजे ‘किपू’वर ठेवत. वाचायची रीत दशमान आहे. एका मुख्य दोरीला लोंबत्या दोऱ्या बांधलेल्या असतात. लोंबत्या दोरीवर मुख्य दोरीच्या जवळ शतक, खाली दशक, टोकाला एकक. शतक-दशकाला साध्या गाठी. एककाला लांब गाठ, तिचे जितके वेढे तितका अंक. २५३ म्हणजे वर दोन साध्या गाठी, मग पाच साध्या गाठी, खाली तीन वेढ्यांची लांब गाठ. एका वेढ्याची लांब गाठ होऊच शकत नाही, म्हणून एक दाखवायला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ. शून्याला मोकळी जागा. एककाची गाठ वेगळी असल्यामुळे एका दोरीवर दोन संख्या असल्या तरी पहिली कुठे संपली ते कळतं. हे कोडं लेलँड लॉक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोडवलं. ज्या किपूंवर संख्या नसून बहुधा मजकूर आहे, ते अजून वाचता आलेले नाहीत.

इंकांच्या दगडकामावरही परग्रहवासीयांपासून दगड वितळवण्यापर्यंत काहीही सांगतात. वास्तुविशारद जाँ-पिएर प्रोत्सेन यांनी ओयांतायताम्बो या इंका ठिकाणी प्रत्यक्ष करून पाहिलं: नदीतले कठीण गोटे हातोड्यासारखे वापरून दगड टिपता येतो. मोठ्या गोट्याने खडबडीत आकार, लहान गोट्याने कडा. म्हणूनच इंका दगडांवर मधले खळगे मोठे आणि कडेचे बारीक दिसतात; भिंतीजवळ जाऊन पाहा. खालच्या दगडाची वरची बाजू वरच्या दगडाच्या पोटाप्रमाणे खोदायची, पुन्हा पुन्हा बसवून पाहायचं आणि जिथे टेकेल तिथे टिपायचं. मध्ये चुना नाही. भिंती आत कललेल्या, दारं वर अरुंद आणि खाली रुंद. नदीपलीकडच्या खाणीतून ओयांतायताम्बोकडे आणताना वाटेतच राहिलेले प्रचंड दगड आजही पडून आहेत. लोक त्यांना ‘पिएद्रास कान्सादास’, थकलेले दगड म्हणतात. १९५० च्या भूकंपात इंकांची राजधानी असलेल्या कुस्कोतल्या सांतो दोमिंगो मठाचं मोठं नुकसान झालं, पण ज्यावर तो बांधला होता त्या कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या इंका भिंती उभ्याच राहिल्या, उलट जास्त उघड्या पडल्या.

या सगळ्यात आजही जिवंत असलेली गोष्ट म्हणजे आपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका हा गवताचा झुलता पूल. उंची सुमारे ३७०० मीटर, लांबी साधारण २८ मीटर. दर जूनमध्ये चार गावं तो नव्याने बांधतात. ‘कोया’ हे कडक गवत कापायचं, भिजवून दगडाने ठेचायचं म्हणजे ते मऊ होतं, आणि मग बायका ते तळहातांत पिळून सुतळी करतात. प्रत्येक घराने आपल्या वाट्याची सुतळी आणायचीच. पुरुष त्या सुतळ्यांचे दोर वळतात आणि दोरांची वेणी घालून मांडीएवढे जाड दोरखंड करतात: चार पायाखाली, दोन कठड्याला. ते दोन्ही काठांच्या दगडी खांबांना ताणून बांधायचे, जुना पूल तोडून नदीत सोडायचा, आणि मग दोन्ही टोकांकडून दोन कारागीर हवेत बसून कठडे विणत मधोमध भेटतात. तीन दिवस काम, चौथ्या दिवशी नाचगाणी. महामारीमुळे २०२० मध्ये दोर बदलले नाहीत आणि मार्च २०२१ मध्ये पूल तुटून पडला. जूनमध्ये गावांनी तो पुन्हा उभा केला. युनेस्कोच्या यादीत २०१३ मध्ये नोंद झाली ती दोरखंडांची नाही, या जाणकारीची.

एवढं राज्य १६८ स्पॅनिश लोकांपुढे कसं पडलं? घोडे आणि पोलाद हे अर्धंच उत्तर. वास्कार आणि आतावाल्पा या भावांचं यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं, आणि इंकांनी जिंकलेल्या कित्येक जमाती स्पॅनिशांना मिळाल्या. १६ नोव्हेंबर १५३२ ला काहामार्कात आतावाल्पा पकडला गेला. खंडणी म्हणून एक खोली एकदा सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून दिली. बहुतेक कलाकृती वितळवून विटा केल्या गेल्या. तरीही १५३३ मध्ये त्याला ठार मारलं. विल्काबाम्बाच्या जंगलातला इंकांचा प्रतिकार मात्र १५७२ पर्यंत चालला, हे सहसा सांगितलं जात नाही. स्वातंत्र्याची घोषणा २८ जुलै १८२१ ला लिमात सेनापती सान मार्तीन यांनी केली, पण स्पेनचा निर्णायक पराभव ९ डिसेंबर १८२४ ला आयाकुचोला झाला.

माचू पिच्चू २४३० मीटरांवर, म्हणजे कुस्कोपेक्षा जवळजवळ एक किलोमीटर खाली आहे. बहुतेकांचा समज उलटा असतो. १९११ मध्ये अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम तिथे पोहोचले तेव्हा तिथल्या शेतीच्या पायऱ्यांवर शेतकरी कुटुंबं राहत होती. ते हरवलेलं नव्हतं. खरी कमाल जमिनीखाली आहे. वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या अरुंद डोंगरखांद्यावर हे गाव टिकलं ते निचऱ्यामुळे. शेतीच्या प्रत्येक पायरीत तळाला मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळू-खडी आणि वर माती. झऱ्याचं पाणी सुमारे साडेसातशे मीटरांच्या दगडी पाटाने गावात येतं आणि एकाखाली एक अशा सोळा कुंडांतून उतरतं. तिथे गेलात तर सूर्यमंदिराइतकाच वेळ या कुंडांना द्या.

तिकिटं ठरावीक वेळेची आणि ठरावीक मार्गाची असतात. आत गेल्यावर मार्ग बदलता येत नाही. सगळ्यांना हवा असलेला वरच्या गच्चीवरून दिसणारा देखावा प्रत्येक मार्गावर नाही, म्हणून विकत घेताना नकाशा पाहा. तिकिटावरचं नाव आणि पासपोर्ट तंतोतंत जुळला पाहिजे, आणि मूळ पासपोर्ट बरोबर हवा. मे ते सप्टेंबर कोरडे महिने. डिसेंबर ते मार्च पावसाचे. २०१० च्या जानेवारीत रेल्वेमार्ग वाहून गेला आणि हजारो पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. इंका ट्रेल ही पायवाट फेब्रुवारीत बंद असते.

सगळ्यात जास्त सहली बिघडतात त्या उंचीमुळे. कुस्को ३४०० मीटरांवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच असतो. लिमाहून विमानाने सव्वा तासात तिथे उतरून त्याच दिवशी फिरायला निघालं की संध्याकाळी डोकेदुखी, मळमळ आणि रात्री झोप नाही. उपाय साधा आहे, क्रम उलटा करा: विमानतळावरून थेट उरुबाम्बा किंवा ओयांतायताम्बोला, २८०० मीटरांच्या आसपास उतरा, दोन रात्री तिथे, मग माचू पिच्चू, त्यानंतर कुस्को, आणि तितिकाका (३८१२ मीटर) किंवा पाच हजार मीटरांवरचा विनिकुंका हा रंगीत डोंगर अगदी शेवटी. पहिले दोन दिवस दारू आणि जड जेवण टाळा. उंचीचा त्रास टाळायला देतात ते अ‍ॅसिटाझोलामाइड घ्यायचं का, ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. चालताना तोल जात असेल, बोलणं बरळल्यासारखं झालं असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर औषधाची वाट न बघता ताबडतोब खाली उतरायचं. हॉटेलात मिळणारा कोकाच्या पानांचा चहा पेरूत कायदेशीर आहे. पण पानं किंवा चहाच्या पुड्या भारतात आणू नका, इथे तो गुन्हा आहे. शिवाय त्या चहानंतर काही दिवस लघवीच्या तपासणीत कोकेन दिसू शकतं.

परतीचा एक नियम फार जणांना विमानतळावर कळतो. पीतज्वर असलेल्या देशांच्या भारतीय यादीत पेरू आहे, म्हणून परत येताना लसीचं प्रमाणपत्र लागतं आणि लस घेतल्यावर ते दहा दिवसांनी ग्राह्य होतं. लस फक्त अधिकृत केंद्रांवर, ठरावीक दिवशी मिळते. महिनाभर आधी वेळ घ्या.

शाकाहारी माणसाने ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढंच म्हणून भागत नाही. ‘कार्ने’ म्हणजे तिथे बहुतेकांच्या मनात गोमांस; कोंबडी त्यात धरली जात नाही. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मांस, कोंबडी, मासा नको) असं तिन्ही नावं घेऊन सांगा, आणि सूप मागवताना ‘काल्दो दे पोयो?’ (कोंबडीचं पाणी आहे का?) असं विचारा, कारण किनुआच्या सूपाचंही पाणी बरेचदा कोंबडीचं असतं. मासे खाणाऱ्यांनी सेविचे दुपारीच खावं, सकाळी आलेल्या मासळीचं. ताज्या माशाचे दोन सेंटीमीटरचे तुकडे, मीठ, बारीक लिंबांचा रस, लाल कांदा, मिरची. लिंबात काही मिनिटंच ठेवायचं, तासभर ठेवलं तर मासा चिवट होतो. लिंबाच्या आंबटपणाने मासा पांढरा होतो, पण त्यातले जंतू मरतातच असं नाही. गरोदर बायकांनी आणि पोट नाजूक असलेल्यांनी तो टाळावा. सोबत उकडलेल्या रताळ्याचा तुकडा येतो, त्याला तिथे ‘कामोते’ म्हणतात.